भोर-वेल्ह्याच्या धरणांवर मासे पकडायला जाताय? पाण्याखाली काय आहे ते आधी फोनवर बघा!

सुट्टी लागली की पुण्यातून गळ, रॉड आणि कणकेचे गोळे घेऊन बरेच जण भोर आणि वेल्ह्याकडे निघतात. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी अशी मोठी धरणं या भागात आहेत. कटला, रोहू, मरळ, वाम, चिलापी असे मासेही मिळतात. पण ही धरणं आपल्या ओळखीची नसतात. १९ मे २०२२ ला भाटघर धरणाच्या पाण्यात एकाच वेळी ५ महिलांचा बुडून मृत्यू झाला. तेव्हा पूर नव्हता, पावसाळाही सुरू झाला नव्हता.

मग अनोळखी धरणावर जाण्याआधी आपल्या हातातला फोन काय मदत करू शकतो? आणि कुठे अजिबात उपयोगाचा नाही? या लेखात आपण तेच सोप्या भाषेत बघूया.

नकाशावरचा निळा रंग का फसवतो?

गुगल मॅप्स उघडलं की भाटघरचं पाणी निळ्या रंगात दिसतं. त्याची कड वर्षभर तशीच असते. प्रत्यक्षात मात्र धरणाची कड रोज सरकत असते. पावसाळ्याच्या शेवटी धरण भरतं आणि मग शेतीसाठी पाणी सोडत सोडत मे महिन्यापर्यंत पातळी खूप खाली जाते. वेळवंड गावाजवळचं कांबरेश्वराचं देऊळ वर्षातला बराचसा काळ भाटघरच्या पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाहेर येतं. अख्खं देऊळ झाकलं जातं, यावरून पातळीतला फरक लक्षात येईल.

आता विचार करा, देवळाच्या आजूबाजूला काय असणार? भाताची खाचरं, त्यांचे बांध, जुने रस्ते, नदीचं मूळ पात्र. धरण होण्याआधी तिथे माणसं राहत होती, शेती करत होती. म्हणून इथला तळ स्विमिंग पूलसारखा हळूहळू खोल होत नाही, तो पायऱ्यांचा असतो. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस एक पाऊल पुढे टाकतो आणि बांधावरून थेट खालच्या खाचरात, म्हणजे डोक्यावरच्या पाण्यात जातो. त्यात गाळ असेल तर पाय रुतलेला असतो, तो लवकर निघत नाही.

उन्हाळ्यातला फोटो बघा, तळ कळेल

जो भाग आज पाण्याखाली आहे, तो मे महिन्यात उघडा होता. आणि त्याचे फोटो उपग्रहांनी काढून ठेवलेत! ते फुकट बघता येतात. दोन मार्ग आहेत.

१. गुगल अर्थ: यात जुन्या तारखांचे फोटो बघायची सोय आहे. कॉम्प्युटरवर हे जास्त सोपं जातं. तुमची जागा शोधा आणि जुन्या फोटोंमधून एप्रिल-मे महिन्यातला एखादा निवडा. हे फोटो बारीक असतात. बांध, पायवाट, ओढ्याचं पात्र ओळखू येतं. पण प्रत्येक वर्षीचा फोटो मिळेलच असं नाही.

२. कोपर्निकस ब्राउझर: युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो इथे मिळतात. साधारण दर ५ दिवसांनी नवा फोटो येतो. यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, त्यामुळे बांध दिसणार नाही. पण पाण्याची कड कुठे आहे ते स्पष्ट दिसतं. पावसाळ्यात मात्र ढगांमुळे बरेचसे फोटो वाया जातात.

आता करायचं काय? एक फोटो मे अखेरचा घ्या, दुसरा ऑक्टोबरचा. दोन्हीत पाण्याची कड कुठे आहे ते बघा.

- दोन्ही कडा एकमेकींच्या अगदी जवळ असतील, तर तिथे उभा उतार आहे. अशा ठिकाणी पाण्यात एक पाऊलही टाकायचं नाही.
- दोन्ही कडांमध्ये खूप अंतर असेल, तर उतार सौम्य आहे. पण अशाच सपाट जागी गाळ साठतो. म्हणजे पाणी उथळ असलं तरी पाय रुतू शकतो.
- मधूनच एखादी गडद, नागमोडी पट्टी दिसली, तर ते बहुतेक नदीचं किंवा ओढ्याचं जुनं पात्र असतं. तिथे पाणी एकदम खोल होतं.

एक उदाहरण घेऊ. समजा पाण्याची पातळी २० मीटरने वाढली आणि दोन कडांमधलं अंतर फक्त ४० मीटर आहे. म्हणजे दर २ मीटर पुढे गेलं की खोली १ मीटरने वाढते. किनाऱ्यापासून चारेक मीटरवर उभ्या माणसाच्या डोक्यावरून पाणी जाईल.

लक्षात ठेवा, मे महिन्यातही जो भाग पाण्याखालीच होता, त्याच्या तळाबद्दल हे फोटो काहीच सांगत नाहीत.

'धरण ५० टक्के भरलं' याचा अर्थ काय?

भाटघरचा उपयुक्त साठा सुमारे २३.५ टीएमसी आहे, नीरा देवघरचा ११.७, वरसगावचा १२.८ आणि पानशेतचा १०.६ टीएमसी. १ टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. बातम्यांत येणारी टक्केवारी या साठ्याची असते, खोलीची नाही. धरण वर रुंद आणि खाली निमुळतं असतं. त्यामुळे साठा निम्म्यावर आला तरी खोली निम्मी होत नाही, त्यापेक्षा बरीच जास्त राहते. 'धरण तर अर्धं रिकामं आहे' म्हणून बिनधास्त होऊ नका.

दुसरा शब्द क्युसेक. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. १,००० क्युसेक सोडलं म्हणजे सेकंदाला १०,००० लिटरचे जवळपास तीन टँकर रिकामे झाले! धरणाच्या भिंतीखाली नदीपात्रात गळ टाकून बसणाऱ्यांसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. भाटघरला स्वयंचलित दरवाजे आहेत आणि वीजघरही आहे. पाऊस नसतानाही वीजनिर्मितीसाठी पाणी सुटतं. म्हणून भिंतीखालच्या पात्रात, मधल्या खडकावर जाऊन बसायचंच नाही. भोंगा वाजला किंवा पाणी गढूळ होऊन वाढायला लागलं, तर सामान सोडा आणि आधी वर या.

नेटवर्क नसताना फोन काय करू शकतो?

धरणांच्या आतल्या बाजूला, डोंगरांच्या बेचक्यात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. पण जीपीएसला रेंज लागत नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. नेट असेल तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती पटकन डाउनलोड होते आणि लोकेशन लगेच मिळतं. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून अगदी संथ वेगाने येते, त्यामुळे थोडा वेळ लागतो. मोकळ्या आकाशाखाली फोन धरून थांबायचं, एवढंच.

घरून निघण्याआधी ही तयारी करा:

१. गुगल मॅप्समध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करून 'ऑफलाइन मॅप्स' मधून भोर-वेल्ह्याचा भाग डाउनलोड करा. यात फक्त साधा नकाशा येतो, सॅटेलाइट फोटो येत नाहीत. म्हणून मे आणि ऑक्टोबरच्या फोटोंचे स्क्रीनशॉट वेगळे ठेवा.

२. मॅपवर आपल्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की पिन पडते आणि अक्षांश-रेखांश दिसतात. घरीच एरोप्लेन मोड लावून हे एकदा करून बघा. आयफोनमध्ये कंपास ॲपमध्येही आकडे दिसतात. दशांश चिन्हानंतरचे ४ आकडे सांगितले तर जागा साधारण ११ मीटरपर्यंत अचूक कळते.

३. घरच्यांना मेसेज करा: कुठल्या धरणावर, कुठल्या गावाजवळ, कोण कोण, किती वाजता परत. 'सात वाजेपर्यंत फोन नाही आला तर शोधा' असं स्पष्ट लिहा. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन रेंज गेली की अडकतं. तरी शेवटची जागा कळते, म्हणून तेही चालू करा.

४. रेंज नसलेल्या भागात फोन सतत टॉवर शोधतो आणि बॅटरी उतरते. तिथे एरोप्लेन मोड लावा. बहुतेक फोनवर जीपीएस तरीही चालतं.

मदत मागायची कशी?

आपल्या सिमला रेंज नसली तरी '११२' लावून बघा. दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर फोन त्यावरून कॉल जोडतो. 'फक्त इमर्जन्सी कॉल' असं दिसतं, त्याचा अर्थ हाच. कुठल्याच कंपनीचा टॉवर नसेल तर मात्र ११२ सुद्धा लागत नाही. म्हणून पोचतानाच शेवटची रेंज कुठे होती ती जागा मॅपवर सेव्ह करा. गरज पडली तर एकाने तिथपर्यंत पळायचं.

ओल्या बोटांनी टचस्क्रीन नीट चालत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर बटण लागोपाठ ५ वेळा दाबलं की एसओएस सुरू होतं. सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' मध्ये जाऊन तुमच्या फोनवर ते चालू आहे का ते तपासा.

पत्ता सांगताना नावांचा गोंधळ होऊ शकतो. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड आहे. भाटघरच्या जलाशयाला येसाजी कंक यांचं नाव आहे आणि पानशेतच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात. म्हणून दोन्ही नावं सांगा, जवळचं गाव सांगा आणि मग आकडे सांगा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच.

वारा आणि वीज

२१ मे २०२४ ला उजनी धरणात वादळी वाऱ्याने बोट उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. मे महिन्यातली दुपार अशीच असते. सकाळी पाणी आरशासारखं, चार वाजता ढग आणि अर्ध्या तासात लाटा. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं 'दामिनी' ॲप तुमच्या आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर इशारा देतं. पण त्याला नेट लागतं. रेंज नसेल तर सेकंद मोजा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३ सेकंद म्हणजे साधारण १ किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर गळ गुंडाळा आणि पक्क्या इमारतीत किंवा गाडीत बसा. कार्बन फायबरच्या रॉडमधून वीज वाहते, तो हातात धरून थांबू नका. झाडाखालीही नको.

जे कुठल्याच ॲपमध्ये नाही

धरणातल्या मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी ठेक्याने मच्छीमार संस्थांकडे असतात. त्यामुळे गळ टाकण्याआधी विचारणं गरजेचंच आहे. आणि विचारायला गेलात की दुसरा फायदाही होतो. रोज जाळं टाकणाऱ्या गावातल्या भोई किंवा कातकरी मच्छीमाराला तळ पाठ असतो. 'दादा, इथे पाणी कसं आहे? गाळ कुठे आहे?' एवढं विचारा. ते 'नको' म्हणाले, तर फोन काहीही सांगो, तिथे जाऊ नका. पावसाळ्यात प्रशासनाचा बंदी आदेश असेल तर घरीच थांबा.

बाकी नियम थोडकेच आहेत:

- पोहता येत असो वा नसो, होडीत बसताना लाइफ जॅकेट घालायचंच. ट्यूब आणि थर्माकोलचा तराफा नको.
- अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरू नका. दोरी तोडा. गळ दहा-वीस रुपयांना मिळतो.
- ५ लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा कॅन आणि १५-२० मीटर दोरी सोबत ठेवा. हा कॅन पाण्यात साधारण ५ किलो वजन तोलतो. धरून ठेवला तर माणसाचं डोकं वर राहू शकतं.
- कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेले दुसरेही बुडतात. ओरडा, कॅन फेका, बांबू किंवा ओढणी पुढे करा.
- स्वतः पडलात तर हातपाय मारून दमू नका. पाठीवर तरंगा आणि मदतीसाठी हाका मारा.
- बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका. लगेच सीपीआर सुरू करा, तोंडाने श्वासही द्या.

आणि हो, फोन 'आयपी ६८' असला तरी तो तरंगत नाही! दोरीच्या वॉटरप्रूफ पाऊचमध्ये थोडी हवा ठेवून गळ्यात अडकवा.

पुढच्या रविवारी जायचा बेत असेल तर आज रात्रीच मे महिन्याचा तो फोटो उघडा आणि सोबत येणाऱ्या सगळ्यांना ग्रुपवर पाठवा. दहा मिनिटांचं काम आहे. मासा मिळाला नाही तर पुन्हा जाता येईल, फक्त सगळे जण घरी परत यायला हवेत.