योसेफाचं कीर्तन, यूसुफची सुरा

आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुणं सोडते आणि सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरला मुक्काम करते. पालखी आली की गावात कीर्तन आलंच. टाळ, मृदंग, अभंगाचं निरूपण आणि मग आख्यान. प्रल्हाद, ध्रुव, हरिश्चंद्र या आख्यानांनीच मराठी माणसाला घडवलं. पण याच कीर्तनात एकेकाळी अब्राहम, योसेफ आणि मोशे यांचीही चरित्रं गायली जात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

ती गाणारे होते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठीभाषक ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश वाढला, असं त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ नाव पडलं. गावांवरून आडनावं आली: दिवेकर, तळकर, अष्टमकर, किहिमकर. मुंबई-पुण्यात स्थिरावल्यावर त्यांनी हिंदू कीर्तनकारांची कीर्तनं ऐकली आणि 1880 च्या सुमारास तोच साज आपल्या धर्मग्रंथातल्या कथांना चढवला. ओवी, साकी, दिंडी ही वृत्तं मराठी, कथानक हिब्रू बायबलचं.

त्यातली योसेफाची कथा मोठी विलक्षण आहे. याकोबाच्या बारा मुलांपैकी हा बापाचा लाडका. बापानं त्याला खास झगा दिला, भावांचा जळफळाट झाला, त्यांनी त्याला खड्ड्यात टाकलं आणि मग व्यापाऱ्यांना विकलं. मिसर देशात गुलामी, खोटा आळ, तुरुंगवास. तिथून स्वप्नांचा अर्थ सांगण्याच्या जोरावर थेट राज्याचा कारभारी! दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्याच दारात येतात आणि तो त्यांना क्षमा करतो.

ही कथा ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथात आहे. ख्रिस्ती बायबलचा जुना करार तोच ग्रंथ पुढे चालवतो, त्यामुळे ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या 37 ते 50 या अध्यायांत ती तशीच मिळते. कुरआनातही ती आहे. बाराव्या सुरेचं, म्हणजे अध्यायाचं, नावच ‘यूसुफ’. एकशे अकरा आयतींची ही सुरा जवळजवळ सबंध एकाच माणसाची गोष्ट सलग सांगते. कुरआनात इतर पैगंबरांच्या कथा निरनिराळ्या सुरांत विखुरलेल्या असतात. म्हणून यूसुफची सुरा वेगळी उठून दिसते.

दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या की खरी गंमत कळते. तोरामध्ये भाऊ तो झगा बोकडाच्या रक्तात बुडवून बापाला दाखवतात आणि म्हातारा याकोब, मुलाला हिंस्र पशूनं खाल्लं असं मानून ऊर बडवून घेतो. कुरआनातला याकूब मात्र फसत नाही. ही तुमच्याच मनाची रचना आहे, असं तो मुलांना सुनावतो आणि धीर धरून बसतो. पुढे धन्याची बायको यूसुफवर आळ घेते, तेव्हा निवाडा त्याच्या सदऱ्यावरून होतो: सदरा पुढून फाटला असेल तर दोष त्याचा, मागून फाटला असेल तर तो पळत होता आणि दोष तिचा. सदरा मागूनच फाटलेला निघतो. हा प्रसंग तोरामध्ये नाही; तिथं ती बाई योसेफाचं वस्त्र हातात धरून ठेवते आणि तेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवते. कुरआनात शेवटी यूसुफचाच सदरा रडून रडून आंधळ्या झालेल्या बापाच्या चेहऱ्यावर टाकला जातो आणि त्याची दृष्टी परत येते. रक्तानं माखलेला, मागून फाटलेला आणि दृष्टी देणारा असे तीन सदरे तीन वळणांवर उभे आहेत. कथा सांगणं म्हणजे काय, हे शिकावं तर इथं.

ख्रिस्ती परंपरा याच कथेकडे तिसऱ्या नजरेनं बघते. आपल्याच माणसांनी वीस रुप्यांना विकलेला, निरपराध असून शिक्षा भोगलेला आणि शेवटी त्याच माणसांना वाचवणारा योसेफ हा तीस रुप्यांना विकल्या गेलेल्या येशूची पूर्वछाया आहे, असं ख्रिस्ती आचार्यांनी मानलं.

मोशेचंही असंच. कुरआनात मूसाचं नाव सव्वाशेहून अधिक वेळा येतं. एवढा उल्लेख दुसऱ्या कुणाही माणसाचा नाही. आणि इकडे मिसरातून सुटकेची कथा सांगणाऱ्या ‘हगादा’ या ज्यू पोथीत मोशेचं नाव जेमतेम डोकावतं, कारण सुटका देवानं केली यावर तिचा सगळा भर. वल्हांडणाच्या रात्री घराघरांत वाचली जाणारी ही पोथी 1874 मध्ये पुण्यात शिळाछापावर मराठी भाषांतरासह निघाली. तिच्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत.

बेने इस्राएलांचा सर्वांत जवळचा मात्र एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा. अग्निरथातून सदेह स्वर्गाला गेलेला हा पुरुष अलिबागजवळच्या खंडाळे गावी प्रकटला आणि तिथल्या खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली, अशी श्रद्धा आहे. नवस फेडताना, लग्नकार्यात त्याच्या नावानं ‘मलिदा’ करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोडी आणण्यापुरता गूळ किंवा साखर, सुका मेवा आणि भोवती फळं. मलिदा हा शब्द दर्ग्यावर जाणाऱ्या कुणालाही परका नाही. कुरआनात हाच संदेष्टा इलियास या नावानं बआल देवाच्या पूजेविरुद्ध उभा राहतो. शुभवर्तमानांत तो मोशेसोबत डोंगरावर येशूशी बोलताना दिसतो.

ख्रिस्ती वाटेनं बायबलमधली ही माणसं मराठीत बेने इस्राएलांच्या कीर्तनांहून आधी आली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि 1616 मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. त्यातल्या सुमारे अकरा हजार ओव्यांपैकी पहिला भाग जुन्या कराराचा आहे. म्हणजे आदाम, नोहा, अब्राहम मराठी ओवीत चालू लागले तेव्हा तुकोबा अजून लहान होते.

लोणी स्थानकावरून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंनी खेड्यातल्या बायकांना कळेल अशी भाषा हट्टानं निवडली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. कुरआनाच्या बाजूनं असाच कष्ट विनोबांनी घेतला. मूळ ग्रंथ वाचायचा म्हणून ते अरबी शिकले आणि निवडक आयतींचा ‘कुराण-सार’ त्यांनी सिद्ध केला.

तिन्ही धर्मांत माणसं तीच, म्हणून तिन्ही धर्म एकच, असं म्हणून मोकळं होणं मात्र सोपं आणि चुकीचं आहे. अब्राहमानं मुलाला वेदीवर ठेवलं, तो मुलगा तोरामध्ये इसहाक. कुरआनात त्या प्रसंगी मुलाचं नाव घेतलेलं नाही, पण बहुतेक मुस्लिम तो इस्माईल मानतात आणि बकरी ईद त्याच प्रसंगाच्या स्मरणाची. मरियमच्या नावाची स्वतंत्र सुरा कुरआनात आहे. नावानिशी उल्लेख झालेली त्या ग्रंथातली ती एकमेव स्त्री. तरी तिचा मुलगा ईसा तिथं थोर पैगंबर आहे, देवाचा पुत्र नव्हे. ज्यू त्याला मसीहा मानत नाहीत. या मतभेदांपायी शतकानुशतकं माणसं झगडली आहेत. ते झाकून ठेवल्यानं जवळीक वाढत नाही. शेजाऱ्याच्या घरात हीच माणसं कोणत्या नात्यानं नांदतात, हे नीट कळलं तर त्याचा सण, त्याचा उपास, त्याच्या मुलांची नावंसुद्धा ओळखीची वाटू लागतात.

1948 नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. पुण्यात रास्ता पेठेतलं सक्कथ शेलोमो आणि कॅम्पातलं 1867 चं ओहेल डेव्हिड, म्हणजे लोकांच्या तोंडचं लाल देऊळ, ही प्रार्थनाघरं उभी आहेत. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.

बायबल आणि कुरआन दोन्ही आज मराठीत सहज मिळतात. निदान ‘उत्पत्ती’चे ते चौदा अध्याय आणि बारावी सुरा एका रविवारी एकापाठोपाठ एक जरूर वाचावी, दोन्ही मिळून दोन-तीन तासांचं वाचन आहे.