नाणेघाटातील देव आणि खेळाचा पट

ऐतिहासिक डावपेचांच्या संगणकीय खेळात खेळाडू स्वतःही भर घालू शकतात. अशा पुरवणीस ‘मॉड’ म्हणतात. २०१९ साली निघालेल्या ‘इम्पेरेटर: रोम’ या खेळाचा पट भारतापर्यंत पोहोचतो. त्यात राज्याच्या देवमंडळात चार दैवतांना स्थान मिळते. त्या पटावर सातवाहनांचे दख्खन आणावयाचे झाल्यास कोणती दैवते निवडावीत?

आजचे लोकप्रिय देव मागील काळात नेऊन बसविणे सोपे असले, तरी ते चूक ठरेल. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेख सामान्यतः इ. स. पू. पहिल्या शतकातील मानला जातो. त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या लोकपालांना वंदन आहे. गणपती वा विठ्ठल तेथे नाहीत. पुढे यज्ञांची व दक्षिणेची नोंद येते. याच घराण्यातील गौतमी बलश्रीने इ. स. दुसऱ्या शतकात नाशिक येथे बौद्ध भिक्षूंना लेणे दान दिले.

म्हणून केवळ नावे बदलून भागत नाही. एकाच राजकुलाकडून यज्ञ आणि भिक्षुसंघ या दोहोंना आश्रय मिळू शकतो, ही गोष्ट खेळाच्या नियमांतही उतरावी लागते.