मोठ्या वयातले अलाइनर

पारदर्शक अलाइनर म्हणजे दातांवर घट्ट चढणारे, साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे आवरण. वेडेवाकडे, पुढे आलेले किंवा फटी पडलेले दात तारेशिवाय सरळ करण्यासाठी अशा आवरणांची मालिकाच तयार केली जाते. तोंडाचे त्रिमितीय स्कॅन घेतात, दातांची आजची आणि अखेरची जागा संगणकावर ठरवतात आणि मधला प्रवास लहान लहान टप्प्यांत विभागतात. मग प्रत्येक टप्प्याचा नमुना छापून त्यावर तापवलेले प्लॅस्टिक ओढून घेतले जाते. त्यामुळे असा प्रत्येक नवा साचा, म्हणजे आवरण, दातांच्या त्या दिवशीच्या जागेपेक्षा किंचित वेगळा असतो. हा फरक एका दातामागे साधारण पाव मिलिमीटरच्या घरात ठेवतात. तोंडात घातल्यावर साचा दातांना त्या फरकाच्या दिशेने रेटतो.

दात थेट हाडात रुतलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. दातावर सतत हलका दाब राहिला, की ज्या बाजूला हा थर दाबला जातो तिथले हाड झिजवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि ज्या बाजूला तो ताणला जातो तिथे नवे हाड तयार होऊ लागते. दात सरकतो तो असा, हाडाच्या पुनर्रचनेतून. ही प्रक्रिया मोठ्या वयातही चालू असते. म्हणूनच पस्तिशीत किंवा पन्नाशीतही दात सरळ करता येतात. वय हा अडथळा नाही, हिरड्यांचे आणि हाडाचे आरोग्य मात्र चांगले हवे.

साच्यांच्या मालिकेची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील दंतव्यंगोपचारतज्ज्ञ हॅरॉल्ड केसलिंग यांनी १९४५ मध्ये दातांची शेवटची किरकोळ दुरुस्ती करणारे रबरी उपकरण मांडले आणि टप्प्याटप्प्याने मोठी हालचालही साधता येईल असे सुचवले. पण प्रत्येक टप्प्याचा साचा हाताने घडवणे व्यवहार्य नव्हते. संगणक आणि त्रिमितीय छपाई आल्यावर ते जमले. स्वतः मोठ्या वयात दातांवर उपचार घेतलेले झिया चिश्ती यांनी केल्सी वर्थ यांच्याबरोबर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी काढली आणि १९९९ पासून ‘इनव्हिजलाइन’ बाजारात आले. आज अनेक कंपन्या असे साचे बनवतात, त्यात भारतीय कंपन्याही आहेत.

मोठ्या माणसाच्या बाबतीत उपचाराआधीची तपासणी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते. हिरड्यांतून रक्त येत असेल, दातांभोवतीचे हाड खाली गेले असेल, तर आधी हिरड्यांचा उपचार करावा लागतो. सूज असलेल्या हिरडीतून दात सरकवला तर हाड आणखी वेगाने झिजते. मधुमेह आटोक्यात नसेल तरी हाच धोका असतो. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी काही औषधे हाडाची उलाढाल मंदावतात आणि दात सरकणेही अवघड करतात. तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना द्यायला हवी. इम्प्लांट हाडाशी एकजीव झालेले असते, ते जागचे हलत नाही, त्यामुळे आखणी त्याच्याभोवती करावी लागते. एक गोष्ट आधी सांगितली गेली तर पुढची निराशा टळते: एकमेकांवर चढलेले दात सरळ झाले, की मोठ्या वयात दोन दातांमध्ये हिरडीजवळ लहान काळे त्रिकोण दिसू शकतात. दात चढलेले असताना ती जागा झाकलेली असते एवढेच.

साचे येतात त्या दिवशी बहुतेकांच्या काही दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवले जातात. साच्याला दात पकडून वळवता यावा, यासाठी ते लागतात. जागा कमी असेल तर दोन दातांमधले एनॅमल हलके घासून ०.२ ते ०.५ मिलिमीटर जागा काढतात. उंचवटे जिभेला आणि गालाला आठवडाभर खडबडीत लागतात, मग त्यांची सवय होते. भाजलेले शेंगदाणे, चिक्की, सुपारी असे कडक पदार्थ खाताना ते निघू शकतात. निघाला तर पुढच्या भेटीची वाट न पाहता दवाखान्यात कळवावे.

पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो. साचा दुखतो असे म्हणण्यापेक्षा तो दात आवळतो म्हणणे अधिक बरोबर ठरेल. हा ताण पहिले दोन दिवस जास्त असतो आणि मग ओसरतो. या दिवसांत पुढच्या दातांनी काकडी किंवा पेरू चावायला नको वाटते, वरण-भात, खिचडी, मऊ पोळी बरी पडते. नवा साचा रात्री झोपण्यापूर्वी घातला, तर आवळण्याचा बराचसा काळ झोपेत निघून जातो. गोळी घ्यावीच लागली तर डॉक्टर सहसा पॅरासिटामॉल सुचवतात, कारण आयब्युप्रोफेनसारखी औषधे ज्या रासायनिक द्रव्यांना अडवतात, त्यांचा दात सरकण्याशी संबंध असतो. साच्याची एखादी कड टोचत असेल तर नखे घासायच्या कानशीने ती हलकेच घासता येते.

साचा काढणे हेच सुरुवातीला कौशल्याचे काम वाटते. समोरून ओढला तर तो चिरतो. मागच्या दाढेपाशी, आतल्या बाजूने बोटाचे टोक कडेखाली सरकवायचे, तिथून तो सुटला की दुसऱ्या बाजूची दाढ मोकळी करायची आणि मग पुढे आणत उतरवायचा. घालताना उलट क्रम: आधी पुढचे दात, मग बोटांनी दाढांवर दाबायचा. दातांनी चावून बसवला तर तो तडकू शकतो. चार-पाच दिवसांत हे आरशाशिवाय जमते.

उच्चारांचा प्रश्न मराठी माणसाला जरा जास्तच जाणवतो. ‘स’ आणि ‘श’ तर बोबडे होतातच, पण ‘चाक’मधला च, ‘जोर’मधला ज आणि ‘माझा’मधला झ हे जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे नेऊन उच्चारले जातात, आणि नेमके तिथेच आता प्लॅस्टिक असते. जिभेला नवे अंतर शिकावे लागते. ती बहुधा एक-दोन आठवड्यांत ते शिकते. वर्तमानपत्र रोज मोठ्याने वाचले तर लवकर शिकते. शिक्षक, निवेदक, वकील अशा बोलण्यावर काम असलेल्यांनी पहिला साचा सुट्टीच्या सुरुवातीला घालावा. तोंडात परकी वस्तू आली की लाळ वाढते, तीही काही दिवसांत पूर्ववत होते.

खरी परीक्षा वेळापत्रकाची असते. साचा दिवसातून २० ते २२ तास तोंडात हवा असतो. २२ तास धरले, तर बाहेर राहण्यासाठी उरतात जेमतेम दोन तास. नाश्त्याला पंचवीस मिनिटे, दोन जेवणांना अर्धा-अर्धा तास, दोन चहांना दहा-दहा मिनिटे, आणि प्रत्येक वेळी दात घासायला तीन मिनिटे धरली, की दोन तास संपले. ऑफिसातला तिसरा चहा, संध्याकाळची भेळ, हातावर ठेवलेला पेढ्याचा प्रसाद, यांना या हिशेबात जागा नाही. साचा घालून फक्त साधे पाणी प्यायचे. गरम चहाने प्लॅस्टिक वाकडे होते आणि डागही पडतात. त्याहून वाईट म्हणजे चहातली साखर साच्याखाली अडकते. एरवी लाळ दात धुऊन काढते, आवरणाखाली ती पोहोचत नाही, आणि दात किडायला हवी तशी परिस्थिती तयार होते. कोकम सरबत आणि लिंबू सरबतात साखरेबरोबर आम्लही असते. हळदीचा पिवळेपणा साच्याला फार लवकर धरतो, म्हणून आमटी-भाजीनंतर दात न घासता साचा चढवला, तर तो पांढऱ्या शर्टावरच्या डागासारखा सगळ्यांना दिसतो.

या शिस्तीचा एक परिणाम अनेकांना आवडतो: येता-जाता तोंडात टाकणे आपोआप कमी होते. पण ज्यांना थोडे थोडे खावे लागते, उदाहरणार्थ मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारे, त्यांनी जेवणाच्या वेळा आधीच डॉक्टरांशी बोलून बसवाव्यात. साखर उतरली असता साच्याचे तास मोजत बसणे चुकीचे आहे, आधी खायचे. लग्नसराई आणि दिवाळीचे दिवस बहुतेकांना जड जातात. अशा वेळी एका बैठकीत खाऊन घेणे हाच व्यवहार्य मार्ग.

जेवताना साचा डबीतच ठेवायचा. हरवलेल्या साच्यांपैकी बरेचसे कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेले असतात आणि खरकट्याबरोबर कचऱ्यात जातात. साफसफाईसाठी साधे पाणी, मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरतो. गरम पाणी वापरायचे नाही, आणि खरखरीत पेस्टने ओरखडे पडून साचा धुरकट होतो. आधीचा साचा टाकून देऊ नये. चालू साचा हरवला किंवा तुटला, तर डॉक्टर सांगतील तोवर आधीचा घालून दात आहेत तिथे राखता येतात.

साचे सात ते चौदा दिवसांनी बदलतात. तारीख आली म्हणून बदलायचा नसतो, तो नीट बसू लागला म्हणून बदलायचा असतो. दाताची कड आणि साचा यांच्यात पोकळी दिसत असेल, तर तो दात मागे पडला आहे. अशा वेळी मऊ रबरी नळकांडे दातांखाली चावत राहून साचा बसवायला सांगतात, किंवा तोच साचा आणखी काही दिवस ठेवतात. संगणकावर दिसलेले चित्र हे उद्दिष्ट असते, खात्री नसते. पुढच्या दातांवरील २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात, आखलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्के प्रत्यक्षात आली, आणि २०२० च्या पुढील अभ्यासात हे प्रमाण सर्व दातांसाठी ५० टक्क्यांपर्यंत गेले. सुळा किंवा उपदाढ यांसारखा गोलसर दात वळवणे अलाइनरला विशेष जड जाते. म्हणून पहिली मालिका संपल्यावर पुन्हा स्कॅन घेऊन आणखी साचे लागणे हा अपवाद नाही, नित्याचा भाग आहे. खर्च ठरवताना हे जादा साचे, हरवलेल्याच्या बदल्यातले साचे आणि उपचारानंतर दात जागेवर राखणारे रिटेनर धरले आहेत का, हे लिहून घ्यावे. जबड्याच्या हाडातच मोठा दोष असेल तर शस्त्रक्रियेशिवाय केवळ अलाइनरने तो सुटत नाही. काही जणांसाठी तारच अधिक चांगली आणि स्वस्त ठरते, आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत ती कमी शुल्कात बसवून मिळते.

डॉक्टरांना न भेटता घरी ठसा घेऊन साचे मागवण्याचा प्रकार अमेरिकेत मोठा गाजला. त्यातली आघाडीची ‘स्माइलडायरेक्टक्लब’ ही २०१४ मध्ये स्थापन झालेली कंपनी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबरात बंद पडली. उपचार अर्धवट राहिलेले लोक अडचणीत सापडले. पैशांचा प्रश्न तर होताच, पण त्याहून गंभीर गोष्ट ही, की एक्स-रे न काढता आणि हिरड्या न तपासता दात सरकवणे धोक्याचे असते. आपल्याकडे बीडीएसनंतर दात सरळ करण्याच्या विषयात तीन वर्षांची एमडीएस पदवी घेतलेल्या तज्ज्ञाला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. आखणी कोण करणार आणि दर सहा-आठ आठवड्यांनी दात कोण पाहणार, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

शेवटचा साचा उतरला तरी दातांभोवतीचे ताणलेले तंतू आणि नवे हाड स्थिरावायला महिने लागतात, आणि दातांचा जुन्या जागी परतण्याचा ओढा वर्षानुवर्षे राहतो. म्हणून रिटेनर लागतो. सुरुवातीचे काही महिने तो जवळजवळ दिवसभर, नंतर रोज रात्री घालायचा असतो. मोठ्या माणसांना खालच्या पुढच्या दातांमागे बारीक तार कायमची चिकटवून देतात, तिथे दोऱ्याने किंवा छोट्या ब्रशने रोज सफाई करावी लागते. काही रात्रींच्या खंडानंतर रिटेनर आवळू लागला तर दात हलल्याचे ते लक्षण आहे: बसत असेल तर लगेच पुन्हा रोज घालायला लागावे, बसतच नसेल तर जोर न लावता त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे जावे.