मेघसंचय (क्लाउड बॅकअप)
स्मार्टफोन व टॅब्लेट यांतील छायाचित्रे, संपर्कक्रमांक, दस्तऐवज इत्यादींची प्रत इंटरनेटद्वारे दूरस्थ सर्व्हरवर साठविण्याची पद्धत. सिंक म्हणजे मेघसंचय नव्हे. सिंकमध्ये फोनवर पुसलेले छायाचित्र सामान्यतः सर्व्हरवरूनही पुसले जाते. ई-पीक पाहणीसाठी महाराष्ट्रातील शेतकरी २०२१ पासून उभ्या पिकाचे छायाचित्र मोबाइलवर घेतात. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील अकोल्यासारख्या डोंगराळ तालुक्यात शिवारात नेटवर्क नसल्यास ही नोंद फोनमध्येच राहते. ती अपलोड होण्यापूर्वी फोन हरवला, तर नोंदही जाते. अपलोड झालेली नोंद शासनाकडे राहते. घरची छायाचित्रे मात्र तिच्याबरोबर जात नाहीत. त्यांसाठी गुगल, ॲपल इत्यादींच्या खात्यावर निराळी सोय करावी लागते. विनामूल्य जागा गुगल १५, तर ॲपल केवळ ५ जीबी देते. खात्याचा पासवर्ड विसरल्यास प्रत असूनही ती मिळविणे दुरापास्त होते.