आधी पाट, मग मूर्ती

चित्रकलेची थोडीफार ओळख असलेल्या विद्यार्थ्याला गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागत नाही. गिऱ्हाईकच त्याला शोधत येते. अंधेरीच्या चाळीतली गणपतीची आरास, मुलुंडच्या एखाद्या सोसायटीचा नामफलक, बोरिवलीच्या लग्नातली रांगोळी, नाहीतर दिवंगत आजोबांच्या पासपोर्टवरील फोटोवरून करावयाचे व्यक्तिचित्र, अशी कामे आपल्यापैकी अनेकांनी केली असतील. काम संपल्यावर ‘पुन्हा नको रे बाबा!’ असेही म्हटले असेल. असे का होते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

तक्रारी ठरलेल्याच असतात. ‘तुमच्या मनाने करा’ म्हणणारा गृहस्थ तयार चित्र पाहून ‘असं नव्हतं हो मनात’ म्हणतो. कागदाचा आणि रंगाचा खर्च त्याला मान्य असतो. हाताला वळण लागण्यात गेलेली वर्षे मात्र त्याच्या हिशेबात येत नाहीत. ‘तुला काय, दोन तासांचं काम!’ माणूस ओळखीचा असला तर पैशाचा विषय काढणेच अवघड. आणि गिऱ्हाईक म्हणजे एखादे मंडळ असेल तर विचारूच नका. अध्यक्षांना मागचा पडदा लाल हवा, खजिनदारांना निळा, आणि कार्यकर्त्यांना देणगीदाराचे नाव देवापेक्षा मोठे!

पण यात सारा दोष गिऱ्हाइकाचा आहे काय? भाजी आपण पाहून, निवडून घेतो. चित्राची मागणी करताना चित्र अस्तित्वातच नसते. गिऱ्हाइकाच्या मनात काहीतरी अंधुक असते, ते सांगायला त्याच्यापाशी शब्द नसतात; काय नको, ते त्याला पाहिल्यावरच कळते. हा लबाडपणा नव्हे, या व्यवहाराचा स्वभावच आहे. म्हणून चित्र अंधुक असतानाच जेवढे ठरवता येईल तेवढे ठरवून घेणे, हाच त्यावर उपाय.

आपल्या उपनगरांतील कितीतरी कुटुंबांचे मूळ गाव कोकणात आहे. तेथे चतुर्थीच्या बऱ्याच आधी घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन देतात आणि त्यावरच मूर्ती घडते. चाल धार्मिक खरी, पण तिच्यात व्यवहारही चोख आहे. पाटाने मूर्तीचा आकार ठरतो, मूर्ती कोणाची ते ठरते, आणि माती हातात घेण्यापूर्वीच दोन्ही पक्ष बांधले जातात.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. ज्यांचा छापखाना १८९० च्या दशकात आपल्या घाटकोपरला होता, त्या राजा रविवर्म्यांवर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८८८ मध्ये चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपवले. विषय रामायण-महाभारतातले, पण सीतेची, द्रौपदीची वस्त्रे कशी असावीत? प्रांतोप्रांतीचा वेष निराळा. त्याच्या शोधासाठी चित्रकाराने धाकट्या बंधूंसह उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला, आणि मगच कुंचला उचलला. मागणीत जे नसते ते कलावंतालाच शोधावे लागते. त्या शोधाचा वेळही कामाचाच भाग आहे, हे पैसे ठरवताना विसरू नये.

कायद्याचीही थोडी माहिती हवी. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, उलट करार नसेल तर, काम सांगणाऱ्याचा असतो. म्हणजे तुमचे चित्र त्याने उद्या दिनदर्शिकेवर छापले तर तुम्हाला हरकत घेता येणे कठीण. मात्र कलम ५७ प्रमाणे ‘ही कृती माझी’ असे सांगण्याचा आणि तिच्या विद्रूपीकरणाला विरोध करण्याचा हक्क कलावंताकडे उरतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारनेच काढून टाकले. ते न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा हुकूम केला. न्याय मिळाला, पण शिल्प गेले ते गेलेच.

तेव्हा विद्यार्थीमित्रहो, काम घेताना चार गोष्टी साध्या कागदावर लिहून घ्याव्यात. आकार व मुदत, विसार किती, कच्चे रेखाटन पसंत झाल्यावर बदल किती वेळा, आणि चित्र छापण्याचा हक्क कोणाचा. मंडळ असेल तर पसंती देणारा माणूस एकच ठरवावा. ओळखीच्या माणसाला सवलत द्यावी, पण ती सवलत आहे हे आधी सांगून द्यावी. फुकट करावयाचे असेल तर खुशाल फुकट करावे. मात्र सही करायला विसरू नये.

असे लिहून मागितले तर समोरचा रागावेल, ही भीती बहुधा खोटी असते. पाट मागितला म्हणून मूर्तिकारावर कोणी रागावल्याचे ऐकिवात नाही.