कोलकात्यातील एक आमराई आणि तिचे उन्हाळी रहिवासी

बँकेच्या नोकरीत बदली ही ठरलेलीच. कोलकात्याला बदलीचा आदेश हाती पडला, तेव्हा ट्राम, हावडा पूल आणि मिष्टी दोई एवढीच या महानगराची ओळख मनाशी होती. पहिल्याच चैत्रात एका बंगाली सहकाऱ्याने गरियाच्या दक्षिणेस, नरेंद्रपूरजवळ असलेले चिंतामणी कर पक्षी अभयारण्य पाहण्यास सुचविले. जुन्या लोकांच्या तोंडी त्याचे नाव अजूनही 'कयालेर बागान', म्हणजे कयालांची बाग, असेच आहे.

प्रथमदर्शनी माझी निराशा झाली. पायाखाली वाळक्या पानांचा थर, मोडून पडलेल्या फांद्या, खोडांवर चढलेल्या वेली. पुण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार असताना पालापाचोळा झाडून जाळण्याच्या खर्चास मीच मंजुरी दिली होती. त्या नजरेला ही बाग निव्वळ दुर्लक्षित वाटली. तो समज चुकीचा होता, हे कळायला पुढचे दोन उन्हाळे लागले.

बाग वाचली कशी?

आंबा, फणस, नारळ, चिंच अशा जुन्या झाडांची ही सुमारे १७ एकरांची बाग मुळात खासगी मालकीची होती. १९८२ मध्ये ती प्रथम अभयारण्य म्हणून अधिसूचित झाली. परंतु जमीन राज्य शासनाने विकत घेतली ती २००४ मध्ये. मधल्या काळात कोलकाता दक्षिणेकडे झपाट्याने पसरत होते. ही बाग टिकावी म्हणून ज्यांनी नेट लावला, त्यांत जवळच राहणारे शिल्पकार चिंतामणी कर अग्रभागी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील कलास्पर्धेत ब्रिटनतर्फे रौप्यपदक मिळविणारे हे कलावंत २००५ मध्ये निवर्तले आणि त्याच वर्षी अभयारण्यास त्यांचे नाव देण्यात आले.

पाचोळ्याचे भांडवल

उन्हाळा हा बहुतेक पक्ष्यांचा विणीचा हंगाम. फुलांतील मधावर जगणारा इवलासा शिंजीरसुद्धा पिलांना भरवतो ते कोळी आणि किडे. हे खाद्य कोठून येते? त्याचा मोठा वाटा पाचोळ्यातून येतो. पानांचा थर जमिनीवर सावली धरतो व ओल टिकवतो. त्याखाली बुरशी, वाळवी, गोगलगायी आणि पैसा नावाचे बहुपाद किडे पानांचे खत करीत असतात. सातभाईंचा थवा पाने उलथीपालथी करीत फिरतो, तो याच खाद्याच्या शोधात. पाचोळा जाळणे म्हणजे मुद्दलच खर्ची टाकणे होय.

आंब्याच्या पानावर

नजर जरा वर नेली की आंब्याचे एकेक पान वाचण्याजोगे वाटू लागते. 'बॅरन' नावाच्या तपकिरी फुलपाखराची अळी आंब्याच्या पानांवर वाढते. तिचा रंग हिरवा आणि पाठीवर फिकट पिवळी रेघ. पानाच्या मधल्या शिरेवर ती अशी आडवी होते, की अळीची रेघ कोणती आणि पानाची शीर कोणती हे कळत नाही. दोन्ही बाजूंचे पिसांसारखे काटे तिची सावलीही पुसून टाकतात.

शेजारच्या फांदीवर पाने शिवून केलेला गोळा दिसतो. कोकणातील वाचक त्याला लगेच ओळखतील. ते ओंबीलांचे घर. या तांबड्या मुंग्या साखळी करून दोन पाने जवळ ओढतात. शिवणाचा धागा मात्र त्यांच्याजवळ नसतो, तो त्यांच्या अळ्यांच्या तोंडातून निघतो. कामकरी मुंगी अळीला जबड्यात धरून एका पानावरून दुसऱ्यावर फिरवते आणि रेशमाने कडा सांधल्या जातात.

भाडेकरू आणि कर्जदार

जुन्या खोडांवर वाढणारी ऑर्किड आणि नेचे पाहून अनेकांना वाटते, की ही झाडाचा रस शोषतात. वस्तुतः ते निरुपद्रवी भाडेकरू. त्यांना हवी असते केवळ जागा. पाणी ते पावसातून व हवेतील दमटपणातून मिळवितात. बांडगुळाचे तसे नाही. ते फांदीत मुळे रोवून झाडाचे पाणी व क्षार घेते आणि परतफेडीचे नाव काढत नाही! फळबागेत त्याला आवर घालावाच लागतो. तरीही निसर्गाच्या खातेवहीत त्याच्या नावे जमाही आहे. हळदीकुंकू या देखण्या फुलपाखराच्या अळ्या बांडगुळाच्या पानांवर पोसल्या जातात. फुलटोच्या त्याची फळे खातो आणि चिकट बिया दुसऱ्या फांदीवर पोहोचवितो.

वाळक्या फांदीचे मोल

भर दुपारी 'टुक्‌ टुक्‌' असा ठोका देणारा तांबट वाळक्या, ठिसूळ फांदीत बीळ कोरून घरटे करतो. ती फांदी तोडली, की त्याचे घर गेले. चैत्र-वैशाखात बंगालवर 'कालबैशाखी' नावाची वळवाची वादळे येतात. २० मे २०२० च्या अंफन चक्रीवादळात तर कोलकात्यात हजारो झाडे उन्मळून पडली. तरुण रोप लावणे सोपे. पण ज्यात पोकळी धरली आहे, असे जुने झाड उभे राहण्यास कित्येक दशके लागतात. म्हणूनच उरलेले प्रत्येक जुने झाड मोलाचे.

उन्हाळ्यात या बागेतून पावशाची ओरड कानी पडते. आपला शेतकरी तिच्यात 'पेरते व्हा' ऐकतो. बंगाली माणूस ऐकतो 'चोख गेलो', म्हणजे 'डोळा गेला'! पक्षी एकच, कान निराळे.

वाचकहो, कयालांच्या बागेसारखी आमराई आपल्याही गावच्या वेशीवर असेल. तिची किंमत करताना केवळ लाकडाचे घनफूट आणि जमिनीचा भाव मोजू नये. रहदारीच्या वाटेवर झुकलेली धोकादायक फांदी अवश्य काढावी. अन्य फांद्या राहू द्याव्यात. पाचोळा जाळण्याऐवजी झाडाच्या बुंध्याशी पसरावा.

गेल्या फाल्गुनात मी पुण्याच्या संस्थेला तसे पत्र लिहिले. पुष्कळ चर्चेनंतर आवारातील एका कोपऱ्यात, आंब्याखाली, पाने न झाडण्याचा ठराव झाला. कोपरा लहान आहे. परंतु खाते उघडले गेले, हे महत्त्वाचे.