दुसऱ्याची प्रार्थना वाजवताना

आमच्या घरात संगीत आलं ते चाचांच्या क्लॅरनेटमधून. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं घर. चाचा लग्नाच्या बँडमध्ये होते. लग्नसराईत रात्र रात्र वरातीपुढे सिनेमाची गाणी वाजवायची आणि पावसाळ्यात वाद्यं पुसत बसायचं, असा तो धंदा. डिसेंबरात मात्र एक ठरलेलं काम असे. मिशन कंपाउंडातल्या चर्चची नाताळची मिरवणूक निघायची आणि तिच्यापुढे हाच बँड असायचा. तिथे सिनेमाची गाणी चालत नसत. पाळकसाहेब पेटीवर एखादं उपासनागीत वाजवून दाखवायचे. चाचा ते कानाने उचलायचे आणि आठ-दहा रात्री घरी घोटायचे.

एकदा चहाच्या दुकानात एका वडीलधाऱ्याने त्यांना हटकलं, ‘‘काय रे, पाच वेळचा नमाजी तू, आणि त्यांची प्रार्थना वाजवतोस?’’ चाचा म्हणाले, ‘‘सुपारी घेतलीय. चांगलीच वाजवणार.’’

विषय तिथे संपला. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. माझ्या मनात मात्र तो प्रश्न राहिला. पुढे मी मराठीत कविता लिहू लागलो, तेव्हा वेगवेगळ्या तोंडांनी तोच प्रश्न मलाही विचारला गेला. आपल्या धर्माची नसलेली प्रार्थना आपण रचावी का, वाजवावी का? आणि वाजवली तर ती खरी होते का?

आज मी तुम्हाला एका रचनेची गोष्ट सांगणार आहे. तिच्यामुळे मला हा प्रश्न थोडा उलगडला. ती रचना नाताळची आहे, रशियन चर्चच्या गाण्यावर बेतलेली आहे, अमेरिकेत लिहिली गेली आहे आणि लिहिली गेली ती बँडसाठी. तिचं नाव ‘रशियन ख्रिसमस म्युझिक’, आणि संगीतकाराचं नाव आल्फ्रेड रीड.

आधी बँड म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे बँड म्हटलं की वरातच डोळ्यांपुढे येते. पाश्चात्त्य देशांत ‘कॉन्सर्ट बँड’ म्हणून एक प्रकार आहे. तो रस्त्यावरून चालत नाही, सभागृहात बसून वाजवतो. पन्नास-साठ वाजवणारे असतात. ऑर्केस्ट्राचा कणा म्हणजे व्हायोलिन. इथे व्हायोलिन नसतात. त्यांची जागा क्लॅरनेटं घेतात. जोडीला बासरी, ओबो, बसून, सॅक्सोफोन, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्युबा आणि मागे ढोल-झांजा-घंटा. ताशा-ढोलाचा आणि एखाद्या तंतुवाद्याचा अपवाद सोडला तर इथे सगळा आवाज माणसाच्या फुप्फुसातून येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

आता १९४४ सालात चला. दुसरं महायुद्ध चालू आहे. फ्रान्समध्ये दोस्तांच्या फौजा उतरल्या आहेत. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एका बाजूने लढताहेत. ही मैत्री लोकांच्या मनात रुजावी म्हणून डेन्व्हर शहरात नाताळच्या सुमारास बँडचा एक कार्यक्रम ठरला. त्यात एक अमेरिकन आणि एक रशियन अशा दोन नव्या रचना पहिल्यांदा वाजायच्या होत्या. रॉय हॅरिस या नामवंत संगीतकाराकडे सूत्रं होती. रशियन रचना म्हणून प्रोकोफिएव्ह यांचं एक मार्च निवडलं होतं. ऐनवेळी कळलं की ते अमेरिकेत आधीच वाजून गेलं आहे. म्हणजे ‘पहिल्यांदा’ हा शब्दच खोटा पडला. हातात दिवस उरले होते सोळा.

रीड तेव्हा तेवीस वर्षांचे होते. न्यू यॉर्कमध्ये जन्मलेला हा तरुण लष्करी हवाई दलाच्या बँडमध्ये संगीत जुळवण्याचं काम करत होता. हॅरिस यांनी त्यांना सांगितलं की रशियन रचना तूच लिही. रीड यांनी बँडचं ग्रंथालय धुंडाळलं. तिथे त्यांना रशियन मुलांचं एक जुनं नाताळगीत सापडलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या गाण्याचा त्यांनी थोडा अभ्यास केलेला होता, तोही उपयोगी आला. अकरा दिवसांत रचना पूर्ण झाली. प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा उतरवून काढायला नकलनविसांना आणखी दोन दिवस लागले. उरलेल्या दिवसांत तालीम. १२ डिसेंबर १९४४ रोजी एनबीसीच्या रेडिओवरून ती रचना देशभर पहिल्यांदा ऐकली गेली. दोन दिवसांनी डेन्व्हरमध्ये प्रत्यक्ष मैफल झाली. म्हणजे लोकांनी ती पाहिली नंतर, ऐकली आधी. रेडिओवर बोलणाऱ्या माझ्यासारख्याला याचं विशेष वाटतं.

हे झालं घाईचं. पण खरी अडचण घाईची नव्हती. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासनेत वाद्यांना जागाच नाही. तिथे ऑर्गन नाही, तंतुवाद्य नाही, फक्त माणसाचा गळा. देवापुढे शब्द जावा आणि तो श्वासातून जावा, अशी ती परंपरा. हे वाचलं तेव्हा मला समजावून सांगायला कुणी लागलं नाही. मशिदीतली अजान मी जन्मापासून ऐकत आलो आहे. तिला आम्ही गाणं म्हणत नाही, आणि तिच्यासोबत वाद्य असण्याचा प्रश्नच येत नाही. आता विचार करा, ज्या उपासनेच्या दारातून वाद्य आत जात नाही, ती उपासना साठ वाद्यांतून कशी उभी करायची?

रीड यांनी वाट काढली ती श्वासातून. गायकांचा ताफा काय करतो, तेच त्यांनी वाद्यांच्या ताफ्याकडून करून घेतलं. रचना सुमारे पंधरा मिनिटांची आहे आणि तिचे चार भाग न थांबता एकमेकांत मिसळतात. पहिला भाग मुलांच्या नाताळगीताचा. क्लॅरनेटं अगदी खालच्या पट्टीत, दबक्या आवाजात सुरू होतात. दुसऱ्या भागाला नाव आहे प्रतिसादी गायन. एका गटाने म्हणायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. आपल्याला हे नवं नाही. पोवाड्यात शाहिराची ओळ झीलकरी उचलतात, कव्वालीत मागची मंडळी उचलतात, तसंच हे. इथे ट्रॉम्बोन ठणकावून बोलतात आणि बाकीचे त्यांना झेलतात. मग गडबड ओसरते आणि इंग्लिश हॉर्न नावाचं वाद्य एकटंच बोलू लागतं. नावात हॉर्न असलं तरी ते ओबोचं भावंडं, म्हणजे आपल्या सनईसारखी पत्ती ओठांत धरून वाजवायचं वाद्य. तिथून गावाकडच्या गाण्याचा तिसरा भाग. आणि शेवटी चौथा, कॅथेड्रलमधल्या समूहगानाचा. त्यात सॅक्सोफोन आणि हॉर्न मधेच हळू आवाजात एक प्रार्थना म्हणून घेतात आणि मग सगळा बँड भरभरून उठतो.

त्या शेवटात घंटा वाजतात. घंटेची निवड मला फार विचारपूर्वक वाटते. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाद्य नसलं तरी घंटा असते, पण ती बाहेर मनोऱ्यात असते, लोकांना बोलावण्यासाठी. रीड यांनी आतला गळा क्लॅरनेट-ट्रॉम्बोनांना दिला आणि बाहेरची घंटा घंटेलाच ठेवली. परंपरेचा नियम त्यांना ठाऊक होता आणि तो त्यांनी मनात धरून लिहिलं, हे त्यातून कळतं.

वाजवणाऱ्यांचं काय? वरातीतलं गाणं वेगात असतं, वेगात पुष्कळ चुका खपतात. संथ प्रार्थना वाजवताना काहीच लपत नाही. एकाचा सूर किंचित चढला तरी तो साऱ्या सभागृहाला कळतो. त्यात प्रार्थनेची ओळ लांब, माणसाचा दम आखूड. मग बँडमध्ये एक युक्ती करतात. शेजारी शेजारी बसलेले वाजवणारे आपसात ठरवतात की दोघांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नाही. एक थांबला की दुसरा ओढून नेतो, दुसरा थांबला की पहिला परत आलेला असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, साठ माणसांचा एकच अखंड श्वास चालला आहे. अनेक बँडमास्तर अशी ओळ हातात वाद्य देण्याआधी सर्वांकडून तोंडाने गाऊन घेतात. गळ्यातून गेलेली ओळ वाद्यातून बरी येते, हा जगभरचा अनुभव आहे.

ज्या मैत्रीसाठी ही रचना लिहिली गेली, ती युद्ध संपताच मोडली. गंमत अशी की सोव्हिएत राज्य धर्म न मानणारं होतं. युद्धाच्या धकाधकीत १९४३ साली स्टालिनने चर्चला आपला प्रमुख निवडू दिला, अशा काही सवलती मिळाल्या, एवढंच. तरीही अमेरिकेने रशियाशी मैत्री दाखवायला जे सूर वापरले, ते राज्याचे नव्हते, तिथल्या चर्चचे होते. पुढे शीतयुद्धाची कित्येक वर्षं अमेरिकन कॉलेजांचे बँड डिसेंबरात हे रशियन नाताळ वाजवत राहिले. रीड यांनी १९६८ साली तिच्यावर पुन्हा हात फिरवला. २००५ साली ते वारले. पहिलं मोठं काम म्हणावं अशी ही रचना आजही वाजते.

रीड यांना अमेरिकेइतकंच प्रेम जपानने दिलं. तिथला ‘टोकियो कोसेई विंड ऑर्केस्ट्रा’ हा नामांकित बँड १९६० साली रिश्शो कोसेई-काई या बौद्ध संस्थेने सुरू केला. रीड यांनी तो अनेकदा संचालित केला, त्यांच्या कितीतरी रचना त्याने ध्वनिमुद्रित केल्या. बौद्धांनी उभारलेल्या बँडला त्यांच्या सुरांत परकं काही वाटलं नाही.

आपल्या मातीतही हे नवं नाही. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, ते मराठी ओवीत. रेव्हरंड टिळकांनी आमच्याच नगर भागात ख्रिस्ती उपासनेला भजन-कीर्तनाची चाल दिली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. गोव्यात चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली मुलं मुंबईत आली आणि बँडांमध्ये, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली. आणि दिल्लीत २९ जानेवारीला ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये ‘अबाइड विथ मी’ या ख्रिस्ती प्रार्थनेचे सूर कित्येक दशकं वाजले. १८४७ साली हेन्री फ्रान्सिस लाइट यांनी लिहिलेली, १८६१ साली विल्यम मंक यांनी चाल दिलेली ही प्रार्थना गांधीजींना प्रिय होती. सर्व धर्मांचे जवान ती वाजवत आणि लांबून घंटा उत्तर देत. २०२२ साली ती कार्यक्रमातून गेली आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आलं. ते गाणं लागलं की माझेही डोळे भरतात. तरी सांजवेळी त्या घंटांची मला आठवण येते. एखाद्या जवानाने आपली नसलेली प्रार्थना जीव लावून वाजवावी, हे पाहण्याची सवय मला बालपणीच लागली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ख्रिस्ती माणूस येशूला देवाचा पुत्र मानतो. मी हजरत ईसांना पैगंबर मानतो. कुराणात त्यांच्या आईच्या, मरियमच्या नावाने एक सूरा आहे. तरीही हा फरक लहान नाही, आणि ‘सगळे धर्म एकच’ असं म्हणून तो पुसताही येत नाही. बँडमध्ये शब्द नसतात म्हणून फरक नाहीसा होतो असंही मला वाटत नाही. वाजवणं म्हणजे ते सगळं मान्य करणं नव्हे. पण वाजवणाऱ्याच्या अंगावर एक जबाबदारी येते. ही प्रार्थना कुणाची, ती कुठे म्हणतात, कशी म्हणतात, कुठल्या गोष्टीला तिथे मनाई आहे, हे त्याने जाणून घेतलं पाहिजे. रीड यांनी सोळा दिवसांच्या घाईतही ते केलं. म्हणून ती रचना उसनी वाटत नाही.

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. रीड हे नाव त्यांनी कधी ऐकलं नसेल. नोटेशनही त्यांना वाचता येत नव्हतं. पण त्या डिसेंबरात मी त्यांच्याबरोबर मिशन कंपाउंडात गेलो होतो, ते आठवतं. चाल पाठ झाली होती. तरी चाचांनी पाळकसाहेबांना थांबवलं आणि म्हणाले, ‘‘साहेब, एकदा शब्द सांगा.’’ पाळकसाहेब हसले, ‘‘मास्तर, तुम्हाला कुठे गायचंय?’’

चाचा म्हणाले, ‘‘गायचं नाही. पण शब्द कुठे संपतो ते कळलं पाहिजे. नाहीतर मी भलत्याच जागी दम घेईन, आणि तुमची प्रार्थना मधेच तुटेल.’’

पाळकसाहेबांनी मग एकेक ओळ सावकाश म्हणून दाखवली. चाचा डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मांडीवर बोट टेकवत होते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)